दुसरी शिफ्ट कोणी बंद केली?

२९ ऑक्टोबर २०२५ ला जनरल मोटर्सने तीन राज्यांतल्या कामगारांची कपात एकाच दिवशी जाहीर केली. डेट्रॉइटच्या ‘फॅक्टरी झीरो’तून सुमारे १२०० जण बेमुदत घरी. ओहायोत वॉरनच्या बॅटरी-सेल कारखान्यातून ५५० जण बेमुदत आणि आणखी ८५० जण तात्पुरते. टेनेसीत स्प्रिंग हिलच्या सेल कारखान्यातून ७०० जण तात्पुरते. फॅक्टरी झीरोत नव्या वर्षापासून दोनऐवजी एकच शिफ्ट चालणार आणि सेलचे दोन्ही कारखाने जानेवारीपासून सुमारे सहा महिने थांबणार, असंही त्या घोषणेत होतं. याच्या जवळपास महिनाभर आधी, ३० सप्टेंबरला, इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला मिळणारी ७५०० डॉलरची केंद्रीय करसवलत संपली होती.

या दोन तारखांचं एकमेकींशी नातं काय, यावरून मिशिगनमधल्या एका मराठी घरात यंदाच्या हिवाळ्यात मामा-भाचीचं चांगलंच जुंपलं. मामाची तीस वर्षं डेट्रॉइटच्या वाहनधंद्यात गेली, गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून. भाची पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करते. मामाला आकडे कळतात आणि यंत्र कळतं. भाचीला करारातली कलमं कळतात. तिला फॅक्टरी झीरो बघायची होती, म्हणून ट्रॉयहून आय-७५ ने दोघं दक्षिणेला निघाले आणि गाडी हमट्रॅमकला पोचायच्या आत वाद रंगला.

“तुझ्या डोक्यात सगळं सरळ आहे,” मामा म्हणाला. “ट्रम्पने सही केली, सवलत गेली, कामगार गेले. पण या कारखान्यात बनते ती हमर ईव्ही विकत घेणाऱ्याला ती सवलत मिळतच नव्हती, ठाऊक आहे तुला?”

मामाचं बरोबर होतं. बायडन सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट आणला, तेव्हा पिकअप आणि एसयूव्हीसाठी ८०,००० डॉलरची मर्यादा घातली होती. हमरची पहिली आवृत्तीच १,१२,५९५ डॉलरची. त्याच कारखान्यातली कॅडिलॅक एस्कलेड आयक्यू त्याहूनही महाग.

“विकत घेणाऱ्याला मिळत नव्हती,” भाची म्हणाली. “लीजवर घेणाऱ्याचं काय? लीजची गाडी व्यावसायिक वाहनात धरली जायची आणि तिथे किमतीची मर्यादाच नव्हती. लीज कंपनी सवलत घ्यायची आणि महिन्याचा हप्ता कमी करायची. तेही दार त्याच दिवशी बंद झालं. आणि सिल्व्हरॅडो? तिचं साधं मॉडेल मर्यादेत बसत होतं.”

मामाने मुद्दा सोडला नाही. त्याचा राग कंपनीवरच होता, पण वेगळ्या कारणासाठी. हमर ईव्हीचं वजन नऊ हजार पौंड, म्हणजे चार टनांहून जास्त. त्यात एकट्या बॅटरीचं वजन एखाद्या छोट्या मोटारीएवढं. “पल्ला वाढवायला बॅटरी वाढवायची, बॅटरीने वजन वाढतं, मग त्या वजनासाठी आणखी बॅटरी. मोठ्या ट्रकवर नफा मोठा, म्हणून मोठ्या ट्रकपासून सुरुवात केली. ज्याला दूर रानात बोट ओढून न्यायची आहे, तो चार्जर शोधत फिरणारा ट्रक कशाला घेईल? गिऱ्हाईक आलं नाही. यात राजकारण कुठे आलं?”

गिऱ्हाईक अगदीच आलं नाही, असं मात्र झालं नव्हतं. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांचा विक्रमी खप झाला, सुमारे ४ लाख ३८ हजार. त्यातल्या ६६ हजारांहून जास्त जनरल मोटर्सच्या. सवलत संपायच्या आत गाडी दारात यावी म्हणून लोकांनी धाव घेतली आणि ऑक्टोबरात शोरूम ओस पडल्या. मामा या आकड्यावर बोट ठेवून म्हणतो की मागणी सरकारने फुगवलेली होती. भाचीला त्याच आकड्यात दिसतं की मागणी होती आणि ती एका कायद्याने तोडली. या मुद्द्यावर भाचीची बाजू जड वाटते, आणि त्याचं कारण कायद्याच्या मुदतीत आहे. २०२२ च्या कायद्यात ही सवलत २०३२ अखेरपर्यंत देऊ केली होती. त्या दहा वर्षांच्या हिशेबावर कारखान्यांनी जमिनी घेतल्या, यंत्रं मागवली, माणसं भरली. ४ जुलै २०२५ ला ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’वर सही झाली आणि उरलेली सात वर्षं अठ्ठ्याऐंशी दिवसांवर आली. बाजार हळूहळू ओसरला असता तर कंपनीने भरती थांबवली असती, काही जण निवृत्त झाले असते. तारीख ठरवून बाजार पाडला की माणसंही तारीख ठरवून काढावी लागतात.

हमट्रॅमक आलं. पूर्वी हे पोलिश लोकांचं गाव होतं, आज इथे येमेनी आणि बांगलादेशी वस्ती मोठी आहे. कारखाना डेट्रॉइट आणि हमट्रॅमक यांच्या सीमेवर पसरलेला. मामाने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि भाचीला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली.

या जागेवर पोलटाउन नावाची वस्ती होती. १९८१ मध्ये डेट्रॉइट शहराने ती सक्तीने संपादित करून जनरल मोटर्सला दिली. सुमारे ४२०० लोक उठले. घरं गेली, दुकानं गेली, चर्च गेली. रहिवासी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. खासगी कंपनीचा कारखाना हेदेखील सार्वजनिक हिताचं काम, असा निकाल लागला. तोच निकाल त्याच न्यायालयाने २००४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात फिरवला, तोवर पोलटाउनवर कारखाना उभा राहून एकोणीस वर्षं झाली होती. कारखान्याच्या आवारात बेथ ओलेम नावाची जुनी ज्यू दफनभूमी तेवढी राहिली. वर्षातून दोनदा, सणांच्या आधी, तिचं फाटक नातेवाइकांसाठी उघडतात.

“त्या वेळी कंपनीने किती नोकऱ्या कबूल केल्या होत्या?” भाचीने विचारलं.

“सहा हजार.”

“आणि लिहून?”

मामाने हात झटकला. “लिहून कोण देतं? शहर बुडत होतं, बेकारी वाढलेली. महापौर कोलमन यंग यांना कारखाना हवाच होता.”

२०१८ च्या नोव्हेंबरात कंपनीने हाच कारखाना बंद करायच्या यादीत टाकला. जानेवारी २०२० मध्ये निर्णय फिरवून २२० कोटी डॉलर गुंतवायचं ठरलं, पुढे नाव फॅक्टरी झीरो झालं. १७ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्राध्यक्ष बायडन इथे आले आणि त्यांनी स्वतः हमर ईव्ही चालवून पाहिली. इलेक्ट्रिक गाडी ही युनियनच्या चांगल्या पगाराची नोकरी आहे, हे त्यांना देशाला दाखवायचं होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्सचा संप सुरू असताना हेच चित्र उलटीकडून रंगवलं गेलं. २६ सप्टेंबरला बायडन संपकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. पदावर असताना असं करणारे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या दिवशी ट्रम्प मॅकोम काउंटीतल्या क्लिंटन टाउनशिपमध्ये, युनियन नसलेल्या एका कारखान्यात आले आणि म्हणाले की करारात काहीही मिळवा, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तुमचा धंदाच संपणार आहे. २०१६ मध्ये मिशिगन त्यांनी ११ हजारांहून कमी मतांनी जिंकलं होतं. अशा राज्यात कारखान्यातली प्रत्येक शिफ्ट प्रचारसभेचा विषय होते. २०२४ मध्ये हमट्रॅमकच्या महापौरांनीही ट्रम्प यांना पाठिंबा दिला, गाझाच्या प्रश्नावरचा राग त्यामागे मोठा होता. राज्य पुन्हा ट्रम्प यांच्याकडे गेलं.

“म्हणजे कामगारांनीच निवडून दिलं,” मामा म्हणाला. “इलेक्ट्रिकची सक्ती संपवणार असं ते उघड सांगत होते. फसवलं कुठे?”

“काहींनी निवडलं, काहींनी नाही. युनियनने कमला हॅरिसना पाठिंबा दिला होता. पण मला कंपनीचं सांग. २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा म्हणाल्या की २०३५ पर्यंत आमच्या सगळ्या हलक्या गाड्या धूरमुक्त करायचं ध्येय आहे. बरोबर? कॅलिफोर्नियाच्या नियमातही २०३५ च होतं. मग तो नियम रद्द करा म्हणून २०२५ मध्ये याच कंपनीने सिनेटरांकडे जोर का लावला? जूनमध्ये ट्रम्पनी तो रद्द केला. स्वतःचंच ध्येय कायद्यातून काढून टाकायला कंपनी गेली, आणि चार महिन्यांनी म्हणते की धोरण बदललं म्हणून माणसं कमी करतो.”

मामाकडे याचं उत्तर होतं आणि ते टाकाऊ नव्हतं. कॅलिफोर्नियाचा नियम विकत घेणाऱ्यावर नव्हता, विकणाऱ्यावर होता. २०२६ च्या मॉडेलपासून ठरावीक हिस्सा इलेक्ट्रिक विकलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्याकडून, म्हणजे बहुतेक टेस्लाकडून, गुण विकत घ्यायचे. “स्वतःचा कारखाना चालवून पैसा टेस्लाला द्यायचा, हे कोणती कंपनी करेल? आणि काम कुठे नाहीसं झालंय? ओरियनचा कारखाना इलेक्ट्रिक ट्रकसाठी रिकामा ठेवला होता. तिथे आता २०२७ पासून पेट्रोलच्या मोठ्या गाड्या बनणार. त्या एकूण योजनेत ४०० कोटी डॉलर आहेत. टोनावांडाला व्ही-८ इंजिनासाठी ८८.८ कोटी. नोकऱ्या इथून तिथे जातायत.”

“२०२७ पासून. आणि २०२६ चं घरभाडं?”

युनियनच्या करारामुळे जनरल मोटर्सच्या कामगाराला सरकारी बेकारभत्त्यावर कंपनीकडून पूरक रक्कम मिळते, दुसऱ्या कारखान्यात बदली मागता येते. पण किती आठवडे पैसे आणि बदलीत नंबर कितवा, हे नोकरी किती जुनी यावर ठरतं. इलेक्ट्रिकच्या लाटेत शेवटी भरती झालेला या रांगेत शेवटी उभा असतो.

भाचीला खरं तर ज्या गावाबद्दल बोलायचं होतं ते ओहायोतलं लॉर्डस्टाउन. वॉरनचा सेल कारखाना त्याच्या शेजारीच आहे. या दोन कारखान्यांची गोष्ट ऐकली की मामाच्या ‘इथून तिथे’ला किती किंमत पडते ते दिसतं.

लॉर्डस्टाउनचा जोडणी कारखाना १९६६ मध्ये सुरू झाला. जुलै २०१७ मध्ये ट्रम्प जवळच्या यंग्सटाउनला सभेला आले आणि लोकांना म्हणाले की घरं विकू नका, नोकऱ्या परत येतायत. मार्च २०१९ मध्ये कारखान्यातून शेवटची शेव्हरोले क्रूझ बाहेर पडली. मग लॉर्डस्टाउन मोटर्स नावाच्या नव्या कंपनीने तो घेतला. ती इलेक्ट्रिक पिकअप बनवणार होती. जून २०२० मध्ये उपराष्ट्राध्यक्ष पेन्स तिच्या अनावरणाला आले, सप्टेंबरात तिची गाडी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभी केली गेली. जून २०२३ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. कारखाना मधेच फॉक्सकॉनकडे गेला होता, आता तो सॉफ्टबँकेकडे आहे.

त्याच्या शेजारी २०२२ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी यांचा अल्टियम सेल्स कारखाना उभा राहिला, तोच हा वॉरनचा सेल कारखाना. केंद्र सरकारने अल्टियमच्या तीन कारखान्यांसाठी २५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सुरुवातीचा पगार तासाला साडेसोळा डॉलर होता, जुन्या मोटार कारखान्यातल्या पगाराच्या जवळपासही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी युनियनसाठी मतदान केलं. बाजूने ७१०, विरोधात १६. पुढच्या वर्षीच्या संपानंतर हा कारखाना मुख्य कराराखाली आला, पगार भराभर चढले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेच एका झटक्यात चौदाशे जणांची कपात जाहीर.

“आणि सेल बनवण्यावरची सवलत गेली नाही, हे लक्षात घे,” भाची म्हणाली. “सेलमागे किलोवॉट-तासाला ३५ डॉलर, मॉड्यूलमागे १०. दोनशे किलोवॉट-तासांच्या एका ट्रकमागे नऊ हजार डॉलर. हे कंपनीला मिळतात आणि ते नव्या कायद्यातही राहिले. काढून घेतली ती ग्राहकाची सवलत.”

“सेल विकले गेले तर मिळतात ना? विकलेच नाहीत तर कसले नऊ हजार?” मामा म्हणाला. “आणि कंपनीचं बुडालं नाही का? ऑक्टोबरात १६० कोटींचा तोटा दाखवला, जानेवारीत आणखी ६०० कोटींचा. डॉलर.”

“बुडालं. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये, संपाचा करार झाल्याबरोबर, हजार कोटी डॉलरचे स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायची घोषणा याच कंपनीने केली होती. चूक झाली तर निभवायला भागधारकाला उशी आहे. माझं म्हणणं एवढंच, की तसलीच उशी कामगाराला का नको? हमर बनवायचं त्याने ठरवलं नव्हतं.”

हमरवर सर्वात कडक बोलणारा मामाच होता. चुकीची गाडी वरच्या मजल्यावर ठरली, चुकीचा कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला, आणि दोन्हींचा हिशेब जोडणीच्या पट्ट्यावर चुकता झाला. पण उपाय काय, इथे मामा हटून बसला. अटी घातल्या की कंपन्या येत नाहीत. त्याने बेल्जियमचं उदाहरण दिलं. ब्रुसेल्सजवळचा ऑडीचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना २८ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाला, सुमारे ३००० कामगार. तिथे ट्रम्प नव्हते, कामगार कायदे कडक होते, युनियन बळकट होत्या. “काय थांबवलं त्यांनी?”

भाचीने ओहायोकडेच बोट दाखवलं. लॉर्डस्टाउन बंद झाल्यावर राज्याने करारात बघितलं. करसवलतीच्या बदल्यात कंपनीने ठरावीक वर्षं तिथे काम चालू ठेवायचं होतं. राज्याने पैसे परत मागितले आणि २०२० मध्ये दोन कोटी ऐंशी लाख डॉलर परत करायचं, शिवाय त्या भागातल्या लोकांसाठी एक कोटी वीस लाख खर्च करायचं ठरलं. “कारखाना थांबला नाही, मान्य. पण फुकट गेला नाही. आणि कॅनडा बघ. ऑक्टोबरात जनरल मोटर्सने इंगरसॉलच्या कारखान्यातली इलेक्ट्रिक व्हॅन बंद केली. दोन दिवसांत कॅनडाने त्या कंपनीच्या विनाशुल्क आयातीचा कोटा २४.२ टक्क्यांनी कापला. कारण शब्द दिलेला होता, इथे गाड्या बनवू म्हणून.”

“कोटा कापून इंगरसॉलच्या माणसाला नोकरी मिळाली?”

“नाही मिळाली. पण पुढची कंपनी शब्द मोडताना दहा वेळा विचार करेल.”

मग तळेगावचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं २०१७ मध्ये थांबवलं, तळेगावचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये. जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगीची अट घातली, जूनमध्ये गलवान झालं. परवानगी आली नाही आणि २०२२ मध्ये सौदा मोडला. मधल्या काळात १४१९ कामगारांच्या हाती ले-ऑफच्या नोटिसा पडल्या. सीमेवरचं कारण खरं होतं. पण मावळातल्या कामगाराचा त्या सीमेशी संबंध नव्हता. पुढे ह्युंदाईने कारखाना घेतला, तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या आहेत.

“तिथे कायद्याने बंद करायला सरकारची परवानगी लागायची,” भाची म्हणाली. “शंभर कामगारांवरच्या कारखान्याला. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत ती मर्यादा तीनशे झाली. म्हणजे दोनशे नव्वद माणसांचा कारखाना सरकारची परवानगी न घेता टाळं लावू शकतो. पुण्याभोवती असे सुटे भाग बनवणारे किती आहेत, तूच सांग.”

मामाला ते चांगलंच माहीत होतं. तीस वर्षं त्याने अशाच कारखान्यांच्या ऑर्डरी ओढल्या होत्या. मोठी कंपनी शिंकली की पुरवठादाराला ताप येतो, आणि पुरवठादाराकडच्या कपातीची बातमीही होत नाही. याबाबत दोघांचं एकमत झालं, ते जेमतेम परतीच्या रस्त्याला लागेपर्यंत टिकलं.

केंटकीचं उदाहरण मामानेच काढलं. ग्लेनडेलला फोर्ड आणि दक्षिण कोरियाची एसके ऑन यांचा बॅटरी कारखाना होता. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने इलेक्ट्रिक एफ-१५० बंद करायचं जाहीर केलं, कोरियन भागीदाराशी काडीमोड आधीच ठरला होता. ग्लेनडेलचे १६०० कामगार काढले. आता तिथे वीज साठवण्याच्या मोठ्या बॅटऱ्या बनवायच्या आहेत, डेटा सेंटर आणि वीज कंपन्यांसाठी, आणि फोर्ड २१०० जण भरणार आहे.

“बघ. गाडीत नाही तर ग्रीडला, बॅटरीला काम आहे. कारखाना वाया जात नाही.”

“कारखाना नाही जात. ज्यांना काढलं, त्यांनी काय करायचं?”

“नव्याने अर्ज करतील. हातात काम आहे, घेतीलही त्यांना.”

“ऑगस्टमध्ये याच लोकांनी युनियनवर मतदान केलं होतं. ५२६ विरुद्ध ५१५, आणि ४१ मतं वादात. त्या मतदानाचं आता काय? सेवेची मागची वर्षं धरणार की पहिल्यापासून मोजणार? पगार कुठून सुरू?”

“हे लिहून घ्यायला हवं होतं, एवढं तुझं मान्य,” मामा म्हणाला. “पण लिहून द्यायचं कोणी? फोर्डने, कोरियन कंपनीने, की केंटकीने? तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.”

“चौथा होता ना. डिसेंबर २०२४ मध्ये फोर्ड-एसकेच्या कारखान्यांना ९६३ कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज केंद्र सरकारने मंजूर केलं. घर घ्यायला बँक आपल्याला कर्ज देते तेव्हा किती पानं सही करून घेते, मामा? त्या कर्जाच्या कागदावर कामगारांसाठी एक कलम घालायला जागा होती.”